पाळीव सरड्याच्या वाटीतला किडा

पोळा चार दिवसांवर आला होता. बाहेर झड लागलेली आणि दवाखान्यात नेहमीची कुत्री-मांजरे. इतक्यात एक निवृत्त गुरुजी छत्री मिटत आत आले. सोबत दहा-अकरा वर्षांची नात आणि तिचा अडीच-तीन वर्षांचा धाकटा भाऊ होता. नातीच्या हातात जोड्यांचे खोके होते. तिने झाकण उघडले. आत वीतभर लांबीचा, मानेभोवती काटेरी दाढी असलेला ऑस्ट्रेलियन सरडा पडलेला होता. बाजारात याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. त्याची मान लटपटत होती, पाय थरथरत होते आणि तोंडातून चिकट लाळ गळत होती.

"डॉक्टरसाहेब, काल रातपासून हा मान नाही उचलत जी," गुरुजी म्हणाले. "खाणं तर चांगलं होतं. पोरीच्या मामाने शेतातून ताजे नाकतोडे आणून दिले होते. दुकानातल्यापेक्षा ताजं बरं म्हटलं."

मी मामाचे गाव विचारले. ते कळमेश्वरकडचे निघाले. शेतात काय पेरले आहे, तर पऱ्हाटी. गुरुजींनी तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "फवारा तर परवाच मारला. पण नाकतोडे धुऱ्यावरचे होते, कपाशीतले नव्हते!"

निदान तिथेच झाले. प्राण्याला लगेच उपचार सुरू केले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. कारण मुलीचा प्रश्न असा होता की त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नव्हते. ती म्हणाली, "काका, जंगलातले सरडे तर किडेच खातात. मग याला काय झालं?"

वाचकहो, आजचा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आपल्या घरी सरडा नसेल, पण शेजारी असू शकतो. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याही कामाच्या काही गोष्टी यात आहेत.

आधी एक कबुली

पंधरा-वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण हिरवा इग्वाना घेऊन आला होता. प्राणी जरा रोडावलेला दिसत होता. मी सहज सांगितले, "नाकतोडे, झुरळे देत जा, अंगात ताकद येईल." त्याने माझा शब्द मानून रोज दिले. दीड वर्षाने तो प्राणी गेला. तपासणीसाठी उघडला तेव्हा मूत्रपिंडांवर युरिक आम्लाचे पांढरे थर बसलेले दिसले. इग्वाना हा पाने खाणारा प्राणी आहे. कीटकांमधल्या प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. सरडा म्हटला म्हणजे किडे खाणारच, ही माझी समजूत त्या मुक्या जिवाला महागात पडली. त्यानंतर मी आधी प्राण्याची जात विचारतो आणि मग आहार सांगतो.

तेव्हा पहिला नियम असा: आपला प्राणी किडे खाणारा आहे का, हे आधी पाहावे. इग्वाना आणि जमिनीवरची बहुतेक कासवे शाकाहारी असतात. बिअर्डेड ड्रॅगन लहानपणी मुख्यतः किडे खातो, पण मोठा झाल्यावर त्याच्या आहारात पालेभाजी अधिक हवी. लेपर्ड गेको ही पाल जन्मभर किड्यांवरच जगते. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले पाणकासव दोन्ही खाते. लहान वयात मांसाहार जास्त आणि मोठेपणी पाणवनस्पती जास्त.

दुसरी गोष्ट कायद्याची. चांदणी कासव, घोरपड, झाडावरचा रंग बदलणारा शॅमेलिऑन आणि तळ्यातील आपली देशी कासवे पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. मग प्राणी विकत घेतलेला असो की रस्त्यावर सापडलेला. असा प्राणी सापडल्यास घरी ठेवून किडे भरवत बसू नये, वनविभागाला कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर याच कामासाठी आहे. इग्वाना, बॉल पायथन यांसारखे 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील विदेशी प्राणी घरी असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद शासनाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ज्यांनी केली नसेल त्यांनी वनविभागाकडे चौकशी करावी.

सहज हाती लागणारा किडा

आता नाकतोड्यांकडे येऊ. मामा म्हणाले की किडे धुऱ्यावरचे होते. पण नाकतोड्याला कपाशी कुठे संपते आणि धुरा कुठे सुरू होतो हे ठाऊक नसते. तो औषध मारलेल्या पानावर बसतो, ते कुरतडतो आणि उडून गवतात येतो. शिवाय वाऱ्याने फवाऱ्याचे तुषार धुऱ्यावरच्या गवतावरही पडतात. काही औषधे तर बियाण्याला चोळलेली असतात. ती मुळांतून झाडाच्या पानापानांत जातात, त्यामुळे पाने धुऊनही निघत नाहीत.

जिवंत किडा म्हणजे विष नसलेला किडा, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. धडधाकट नाकतोडा पकडून पाहा, चार वेळा हातातून निसटेल. पण औषधाचा थोडा अंश लागलेला नाकतोडा सुस्त होतो आणि पहिल्याच झडपेत हाती येतो. म्हणजे फवारणी झालेल्या शिवारात बाटलीत आधी भरले जातात ते बहुधा असेच किडे. मग सरडा एका बैठकीत असे आठ-दहा किडे खातो. प्रत्येकातला अंश थोडा असला, तरी शंभर-दोनशे ग्रॅम वजनाच्या देहात त्यांची बेरीज होते.

ही औषधे किती जहाल असतात हे विदर्भाला सांगायला नको. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. धडधाकट माणसाची जिथे ही गत होते, तिथे एवढ्याशा सरड्याचा काय पाड?

मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यात अमरावती, वर्धा या मार्गाने टोळधाड काटोल तालुक्यात उतरली होती, हे अनेकांना आठवत असेल. कृषी विभागाने रात्री-पहाटे फवारणी केली आणि झाडांखाली मेलेल्या टोळांचा खच पडला. पक्षी किंवा सरडे पाळणाऱ्यांना वर्षभराचे खाद्य फुकट मिळाले असे वाटण्याचा तो प्रसंग. पण ते खाद्य नव्हते, विष होते. मेलेला किंवा तडफडणारा कीटक कोणत्याही पाळीव प्राण्याला देऊ नये. घरच्या कोंबड्यांनाही नाही.

एकाच्या पोटातले औषध दुसऱ्याला कसे मारते याचे मोठे उदाहरण म्हणजे आपली गिधाडे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन आकाशातली गिधाडे दिसेनाशी झाली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. सरड्याच्या वाटीतली साखळी लहान असली, तरी तत्त्व तेच आहे.

विष शेतातच असते असेही नाही. घरातले झुरळ पकडून देण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण त्या झुरळाने ओट्यामागची खडूची रेघ ओलांडली असेल किंवा त्याच्यावर फवारा बसला असेल. शिवाय ते मोरीतले जंतू घेऊन फिरते. डेंग्यूच्या दिवसांत वस्तीत धुराची फवारणी होते, तेव्हा अंगणातले किडे आठ-पंधरा दिवस तरी वर्ज्य समजावेत. किड्यांचा डबा आणि सरड्याची पेटी डासांच्या अगरबत्तीजवळ किंवा लिक्विड मशिनजवळ ठेवू नये.

निसर्गतःच विषारी

काही किडे औषधाशिवायच विषारी असतात. पहिला काजवा. १९९९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी नोंदवले की तेथील काजवे खाल्ल्याने पाळीव बिअर्डेड ड्रॅगन मेले. एक काजवादेखील जीव घेण्यास पुरेसा ठरतो. त्यातील द्रव्य बेडकांच्या कातडीतील विषासारखे असून ते थेट हृदयावर काम करते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून आलेल्या या सरड्याला काजव्याची ओळखच नाही, म्हणून तो बेधडक गिळतो. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. जंगलातला सरडा आपल्या रानातले किडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. परमुलखातून आलेल्या पाहुण्याला ती ओळख नसते.

दुसरा म्हणजे तुरीच्या आणि मुगाच्या फुलांवर दिसणारा काळा-नारिंगी पट्ट्यांचा भुंगा. याचा रस आपल्या कातडीला लागला तरी फोड येतो, मग आतड्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. तिसरे रुईच्या झाडावरचे. रुईच्या चिकातले विष पचवून ती फुलपाखरे आणि त्यांच्या अळ्या स्वतः विषारी होतात. एवढे लक्षात ठेवावे की भडक लाल, नारिंगी, पिवळा-काळा रंग ही निसर्गाने लावलेली पाटी आहे. तिचा अर्थ 'खाऊ नका' असा आहे. केसाळ सुरवंट, गांधीलमाशी, मधमाशी आणि कोळी यांनाही हाच नियम लावावा.

पोटातले पाहुणे आणि रात्रीचा चावा

रानातल्या नाकतोड्यांच्या, रातकिड्यांच्या आणि झुरळांच्या शरीरात जंतांच्या सूक्ष्म अळ्या असू शकतात. किडा खाल्ला की त्या सरड्याच्या पोटात वाढतात. भूक आहे, खाणे आहे, पण अंग धरत नाही, अशा सरड्याची विष्ठा तपासून घ्यावी. वर्षातून एकदा तरी ही तपासणी करणे चांगले.

किड्याचा आकारही महत्त्वाचा. सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये. तो पोटात अडकतो, कधी मागच्या पायांतली ताकद जाते. आणि उरलेले रातकिडे रात्री पेटीत सोडून देऊ नयेत. झोपलेल्या सरड्याच्या पायांची बोटे आणि डोळ्यांच्या कडा भुकेले रातकिडे कुरतडतात. अशा जखमा मी पाहिल्या आहेत. दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढेच द्यावे, बाकीचे काढून घ्यावे.

पोट भरले, हाडे उपाशी

विषाइतकेच नुकसान दुसरी एक गोष्ट करते आणि ती सावकाश करते. किड्यांमध्ये कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस कित्येक पट जास्त असते. सरड्याला नेमके उलट हवे, फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम. रोज नुसते रातकिडे किंवा कोंड्यातल्या अळ्या दिल्या, तर शरीर स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढून वापरते. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, पुढे झटके येतात. पाणकासवाची पाठ मऊ पडते.

यावर उपाय दोन. एक, किडा देण्याआधी त्यालाच चांगले जेवू घालावे. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास त्याला शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा द्यावा. किड्याच्या पोटात जे असते तेच सरड्याच्या पोटात जाते. दोन, वाढीच्या वयात बहुतेक जेवणांच्या वेळी किडे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळवून द्यावेत. एका गृहस्थांनी यासाठी पानाचा चुना वापरला होता. 'चुना म्हणजे कॅल्शियमच ना,' असे त्यांचे म्हणणे. चुन्याने तोंड आणि अन्ननलिका पोळते. तो कधीही वापरू नये.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी उन्हातील अतिनील किरण हवेत. हे किरण काचेतून आत येत नाहीत. म्हणून खिडकीतले ऊन उपयोगाचे नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून बसवावे, नाहीतर त्यासाठीचा यूव्हीबी दिवा लावावा. काचेची पेटी मात्र उन्हात ठेवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात ती पाहता पाहता भट्टी होते.

मग किडे आणायचे कुठून?

घरी वाढवावेत. हे वाटते तेवढे अवघड नाही. कोंड्यातली अळी, जिला दुकानात मीलवर्म म्हणतात, ती गव्हाच्या कोंड्यात आणि गाजराच्या कापांवर पसरट डब्यात वाढते. पण कोंडा कोणत्या गव्हाचा आहे हे पाहावे. आपल्याकडे साठवणीच्या गव्हात पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घालतात. तो कोंडा चालणार नाही. नवी, कात टाकलेली पांढरी अळी पचायला हलकी असते.

रातकिड्यांसाठी अंड्यांचे पुठ्ठे घातलेला, हवेशीर झाकणाचा टब पुरतो. पाणी वाटीत ठेवू नये, त्यात ते बुडून मरतात. ओला स्पंज ठेवावा. उन्हाळ्यात हा टब कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ओलाव्याने पुठ्ठ्यांना बुरशी लागते आणि बारीक कोळीकिडे होतात. बुरशी दिसली की सगळे टाकून नव्याने सुरुवात करावी.

आपल्या भागाला आणखी एक सोय आहे. राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरातच आहे आणि विदर्भात तुतीवर रेशीम अळ्या पाळणारे शेतकरी आहेत. तुतीची रेशीम अळी मऊ, पचायला सोपी आणि सरड्यांना फार आवडणारी. शिवाय ती कीटकनाशकाला इतकी नाजूक असते की तुतीच्या पाल्यावर औषधाचा अंश आला तर आधी तीच मरते. त्यामुळे ती धडधाकट असणे ही पाला स्वच्छ असल्याची बरीच चांगली खूण होय. एकच काळजी घ्यावी. रोग येऊ नये म्हणून शेतकरी अळ्यांच्या बिछान्यावर चुना व जंतुनाशक भुकटी धुरळतात. म्हणून आणलेल्या अळ्या एक-दोन दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवून मगच द्याव्यात.

कचऱ्याच्या खतात वाढणाऱ्या काळ्या सोल्जर माशीच्या अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर असते. पण ती उकिरड्यातली नको. ती जे खाते ते तिच्यात उतरते. स्वच्छ भाजीपाल्यावर वाढवलेली असेल तरच घ्यावी.

घरच्यांची काळजी

हे आरोग्याचे सदर आहे, तेव्हा माणसांबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. सरडे आणि कासवे धडधाकट दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांना त्रास होत नाही. आपल्याला मात्र ताप, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. लहान मुले कासव तोंडाला लावतात म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. खाद्याचे किडे आणि त्यांचे डबेही हे जंतू बाळगू शकतात.

म्हणून प्राण्याला, पेटीला किंवा किड्यांच्या डब्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पेटी आणि भांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नयेत. किड्यांचा डबा स्वयंपाकघरात किंवा फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवू नये. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी हे प्राणी हाताळू नयेत. कोंड्यातल्या अळ्यांची आणि रातकिड्यांची धूळ काहींना सोसत नाही. डबा साफ करताना शिंका, अंगाला खाज किंवा दमा होत असेल, तर तोंडाला कापड बांधावे आणि आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे.

विषबाधा झाल्यास

थरथर, लाळ, मान टाकणे, झटके किंवा एकाएकी आलेली मरगळ दिसल्यास उरलेले खाद्य लगेच काढून घ्यावे. दूध, तूप, मिठाचे पाणी असे काहीही तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. प्राणी हवेशीर खोक्यात घेऊन तडक पशुवैद्यकाकडे जावे. उरलेले किडे बाटलीत सोबत न्यावेत आणि औषधाचे नाव कळत असेल तर लिहून न्यावे. उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

गुरुजींच्या सरड्याच्या बाबतीत मामांनी औषधाचे नाव सांगितले, म्हणून मला ॲट्रोपिन लगेच देता आले. रात्रभर उबेत ठेवले, कातडीखालून सलाईन दिले. दुसऱ्या दिवशी लाळ थांबली, तिसऱ्या दिवशी त्याने मान उचलली. वेळेवर आणला म्हणून वाचला. दुसरा दिवस उजाडला असता तर सांगता येत नव्हते.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस पडली होती. आम्ही सरड्यात गुंतलो असताना धाकट्याने नाकतोड्यांची बाटली उचलली होती, तिचे झाकण चोखून पाहिले होते आणि आता तो बोटे चाटत होता. मी त्याला उचलून नळाखाली धरले, तोंड आणि हात धुतले आणि गुरुजींना त्याच पावली बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. सुदैवाने त्याला काही झाले नाही. पण रात्री घरी परतताना माझ्या मनात सरडा नव्हता, ते पोर होते.

महिनाभराने गुरुजी तपासणीसाठी आले. मुलीने वहीत लिहून आणले होते: अळ्यांना कोणत्या दिवशी गाजर दिले, कोणत्या दिवशी शेवग्याचा पाला दिला, सरड्याने किती खाल्ल्या. डबा आता माळ्याखालच्या फडताळात, धाकट्याच्या हाताला न येईल असा ठेवला आहे, असे तिने स्वतःहून सांगितले. मामांचा निरोपही होता. पुढच्या खेपेला नाकतोड्यांऐवजी परसातल्या शेवग्याचा पाला पाठवतो, तिथे फवारा जात नाही.